जुन्या मोटारीचे मंदावलेले दिवे

मोटारीचें एंजिन बिघडलें तर तें आवाजानें कळवितें. ब्रेक नादुरुस्त झाला तर तो पायाला कळतो. परंतु पुढचे दिवे मंदावूं लागले तर तें कोणालाच लवकर कळत नाहीं. दिवा एका रात्रींत निम्मा होत नाहीं. तो वर्षानुवर्षें थोडाथोडा उतरत जातो, आणि डोळाही त्या अंधाराला तितकाच सरावत जातो. मग एखाद्या पावसाळी रात्रीं समोरून दुसऱ्या गाडीचा झोत येतो, ओला काळा रस्ता सारा प्रकाश गिळून टाकतो, आणि कडेनें चालणारा माणूस अगदीं जवळ आल्यावरच दिसतो. त्या क्षणीं चालकाला प्रथमच शंका येते कीं, दिवे पूर्वीसारखे राहिले नाहींत.

ह्या शंकेचें मोल साध्या गणितानें समजतें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार दर सेकंदाला सुमारें १७ मीटर अंतर तोडते. समोर कांहीं दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो. आणि ब्रेक दाबल्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे एकूण हिशेब सुमारें चाळीस ते पन्नास मीटरांचा झाला. रस्ता ओला असेल तर तो आणखी वाढतो. दिवा जर तीस मीटरांपलीकडचा माणूस दाखवीत नसेल, तर चालकाला तो माणूस दिसूनही कांहीं उपयोग नाहीं. कारण दिसणें आणि थांबणें ह्यांच्यामधलें अंतर दिव्यानें आधींच खाऊन टाकलेलें असतें.

येथें विचार करावयाचा आहे तो जुन्या, साध्या रचनेच्या मोटारींचा. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसडर, १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेली मारुती ८००, ह्या गाड्यांचें उत्पादन आतां बंद झालें आहे. मुंबईच्या टॅक्सींतूनही शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. तरीही अनेक कुटुंबांत वडिलांनीं किंवा आजोबांनीं घेतलेली अशी एखादी गाडी मायेनें जतन केलेली आढळते. ह्या गाड्यांचे दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, आणि त्यांची रचना शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील आकृतीहून फारशी निराळी नसते. म्हणूनच त्यांतील बहुतेक दोष घरच्या घरीं शोधतां येतात. अलीकडच्या गाड्यांत दिवे संगणकाच्या हुकमतीखालीं असतात; त्यांना पुढील विवेचन तसेंच्या तसें लागू पडणार नाहीं.

दिवा मंद झाला कीं बहुतेकांचा हात प्रथम खिशाकडे जातो. नवा बल्ब आणला जातो. त्यानें भागलें नाहीं तर नवी बॅटरी येते. तरीही दिवा तसाच राहिला तर दिव्याचा सबंध संच बदलला जातो. इतका खर्च होऊनही रस्ता अंधाराच राहतो, ह्याचें कारण असें कीं, दोष वस्तूंत नसून वस्तूंना जोडणाऱ्या वाटेंत असतो. बॅटरीच्या धन टोकापासून विजेचा प्रवाह निघतो. फ्यूज, स्विच व अपर-डिपरची कळ ह्यांतून तो बल्बांतील तारेपर्यंत जातो, आणि तेथून गाडीच्या लोखंडी सांगाड्यामार्गें बॅटरीच्या ऋण टोकाला परत येतो. ही परतीची वाट, जिला कारागीर अर्थिंग म्हणतात, ती डोळ्यांना तारेच्या रूपानें फारशी दिसत नाहीं. म्हणून तिचें अस्तित्वच पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जाण्याची आणि परतण्याची अशा दोन्ही वाटा निर्वेध असतील तरच बल्बाला त्याचा पूर्ण वांटा मिळतो.

नळाच्या पाण्याचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. जुन्या इमारतींत लोखंडी नळ आंतून गंजून अरुंद झालेला असतो. तोटी बंद असतांना त्या नळांत पाण्याचा दाब पुरेपूर असतो. परंतु तोटी उघडतांच धार बारीक होते. विजेच्या तारेचें असेंच आहे. तारेंतील दहा धागे तुटून एकच शिल्लक राहिला असला, तरी दिवा बंद असतांना तिच्या टोकाशीं बॅटरीइतकेच व्होल्ट दिसतात. दिवा लावला, प्रवाह वाहूं लागला, म्हणजे मात्र तो दाब त्या अरुंद जागीं खर्ची पडतो. प्रवाहाला होणाऱ्या ह्या विरोधाला रोध म्हणतात. नेहमींच्या हॅलोजन बल्बाची शक्ति डिपरवर ५५ वॅट आणि अपरवर ६० वॅट असते; दोन्ही दिवे अपरवर लावले म्हणजे १२० वॅट, अर्थात् सुमारें १० अँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्या प्रवाहाच्या वाटेंत एका ओहमचा अवघा दहावा हिस्सा रोध निर्माण झाला, तरी एक व्होल्ट वाटेंतच हरवतो.

एक व्होल्ट म्हणजे कांहीं फार नव्हे, असें वाटेल. परंतु बल्बाचा प्रकाश व्होल्टच्या प्रमाणांत सरळ कमी होत नाहीं. तो त्याहून पुष्कळ वेगानें उतरतो. दाब दहा टक्के कमी झाला तर प्रकाश जवळजवळ तीस टक्के कमी होतो. पंधरा टक्के कमी झाला तर चाळीस टक्क्यांहून अधिक जातो. शिवाय उरलेला प्रकाश शुभ्र न राहतां तांबूस-पिवळा होतो. जुन्या गाडीचा दिवा कंदिलासारखा दिसूं लागतो त्याचें मर्म हेंच.

दोष शोधण्यास आरंभ करतांना हातांत हत्यार घेण्यापूर्वीं डोळ्यांनीं लक्षणें पाहावीं. संध्याकाळीं गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावावे. दोन्ही दिवे मुळींच लागत नसतील आणि हॉर्नही वाजत नसेल, तर दोष बॅटरींत किंवा तिच्या मुख्य जोडांत आहे. हॉर्न वाजतो, बाजूचे लहान दिवे लागतात, परंतु पुढचे मोठे दोन्ही दिवे लागत नाहींत, तर दोष त्या दिव्यांचा फ्यूज, स्विच किंवा रिले ह्यांत शोधावा. एकाच दिव्याचा केवळ अपर किंवा केवळ डिपर लागत नसेल, तर त्या बल्बाची एक तार जळालेली असण्याचा संभव अधिक. एक दिवा लख्ख आणि दुसरा मंद असेल, तर मंद दिव्याचें अर्थिंग प्रथम तपासावें; विशेषतः डिपर लावला असतां त्याच बल्बाची अपरची तारही अंधुक तांबडी दिसत असेल, तर प्रवाहाला परतीची सरळ वाट न मिळाल्यानें तो आडवाटेनें जात आहे असें समजावें. दोन्ही दिवे सारखेच मंद असतील तर दोष दोघांच्या सामाइक वाटेंत आहे. आणि खड्ड्यांतून जातांना दिवा लुकलुकत असेल तर कोठें तरी एखादा जोड सैल आहे. एवढ्या निरीक्षणानेंच निम्मा शोध पुरा होतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाहीं.

ह्यानंतर साहित्य. एक पेचकस, पान्यांचा लहान संच, पक्कड, बारीक काचकागद, तारेचा लहान ब्रश, स्वच्छ फडकें, आणि व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर एवढें पुरे होतें. साधा मल्टिमीटर विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानांत मिळतो. एका अनावश्यक बॅटरीच्या किंमतीच्या मानानें त्याची किंमत अगदीं थोडी असते.

काम करतांना चार पथ्यें पाळावीं. बारा व्होल्टचा धक्का माणसाला बसत नाहीं हें खरें. परंतु बॅटरींतून क्षणार्धांत निघणारा प्रवाह लोखंडी पान्यालाही तापवून लाल करूं शकतो. म्हणून मोजमापाखेरीज इतर काम करतांना बॅटरीचें सांगाड्याला जोडलेलें टोक प्रथम सोडवावें व शेवटीं जोडावें. हातांतील आंगठी व घड्याळ काढून ठेवावें. बॅटरींतून हायड्रोजन वायु बाहेर पडतो, तेव्हां तिच्याजवळ काडी ओढूं नये किंवा विडी-सिगारेट पेटवूं नये. नुकत्याच विझविलेल्या बल्बाला हात लावूं नये. तो फारच तापलेला असतो. आणि एंजिन चालू ठेवून मोजमाप करावयाचें तर तें उघड्यावरच करावें. बंद गॅरेजमध्यें धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु नकळत प्राण घेतो.

पहिली तपासणी बल्बाची. एका बाजूचा बल्ब दुसऱ्या बाजूस बसवून पाहावा. दोष बल्बाबरोबर दुसरीकडे गेला तर बल्ब बदलावा. दोष मूळ जागींच राहिला तर नवा बल्ब आणण्याचें कारण नाहीं. हॅलोजन बल्बाच्या कांचेला बोट लावूं नये. बोटाचा तेलकटपणा कांचेवर राहिला तर तेवढाच भाग अधिक तापतो आणि बल्बाचें आयुष्य घटतें. चुकून हात लागलाच तर स्पिरिटनें कांच पुसावी. बल्ब काढला असतां ज्या होल्डरमध्यें त्याचे तीन चपटे पाय बसतात तो अवश्य पाहावा. त्याचें प्लॅस्टिक करपलेलें, पिवळें किंवा वितळलेलें दिसलें, तर तेथील पकड सैल होऊन उष्णता निर्माण होत होती असें समजावें. असा होल्डर घासूनपुसून पुन्हां न वापरतां नवाच घालावा.

दुसरी तपासणी फ्यूजची. जुन्या गाड्यांत फ्यूजच्या पेटीवर ओल व धूळ बसून पितळी पकडींवर हिरवा थर चढतो. फ्यूज शाबूत असूनही प्रवाह अडतो तो ह्या थरामुळें. फ्यूज काढून पकडी काचकागदानें हलकेंच घासाव्या, सैल झाल्या असल्यास किंचित् दाबून घट्ट कराव्या. फ्यूज जळाला असेल तर तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. आणि तोही लगेच जळाला, तर वाटेंत कोठें तरी तारेचें आवरण निघून ती सांगाड्याला टेकते आहे असें निश्चित समजून तो दोष आधीं शोधावा. येथें एक घातक युक्ति अनेक ठिकाणीं दिसते. फ्यूज मिळाला नाहीं म्हणून त्याच्या जागीं तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चांदीचा कागद गुंडाळतात. फ्यूज जळतो तो गाडी जळूं नये म्हणून. त्याला जळूं दिलें नाहीं तर त्याच्या जागीं तार जळते, आणि तारेबरोबर कधीं कधीं सारी गाडी.

तिसरी तपासणी अर्थिंगची, आणि जुन्या गाडींत हीच बहुधा फलदायी ठरते. दिव्याच्या मागून निघालेली एक तार जवळच्याच पत्र्याला स्क्रूनें आंवळलेली असते. तीस-चाळीस पावसाळ्यांत त्या स्क्रूखालीं गंज धरतो. क्वचित् गाडीला नवा रंग देतांना कारागिरानें त्या जागेवरही रंग मारलेला असतो. गंज आणि रंग हे दोन्ही विजेचे अडसर होत. स्क्रू काढावा, तारेचें टोक व पत्र्याची जागा धातू चमकेपर्यंत घासावी, स्क्रू घट्ट आंवळावा, आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीनचा हात द्यावा म्हणजे पुन्हां ओल शिरणार नाहीं. हीच शुश्रूषा बॅटरीचीं दोन्ही टोकें आणि बॅटरीपासून सांगाड्याला व एंजिनला जाणाऱ्या जाड पट्ट्या ह्यांचीही करावी. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसल्यास खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून तिनें तीं धुवावीं; मात्र तें पाणी बॅटरीच्या छिद्रांतून आंत जाऊं देऊं नये.

एवढ्यानें दिवा सुधारला नाहीं तर अंदाज सोडून मोजमाप हातीं घ्यावें. समजा, एका घरच्या पद्मिनीचा डावा दिवा मंद आहे. एंजिन चालू करून आणि दिवे लावून बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर धरला, तर १३.८ व्होल्ट दिसले. नंतर बल्बाच्याच दोन टोकांवर धरला, तर ११.४ दिसले. म्हणजे २.४ व्होल्ट वाटेंत हरवले, आणि तेवढ्यानें बल्बाचा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर आला. आतां ते नेमके कोठें हरवले? मल्टिमीटरचें एक टोक बॅटरीच्या धन टोकावर व दुसरें बल्बाच्या धन बाजूस ठेवलें तर ०.६ व्होल्ट दिसले. ही जाण्याच्या वाटेंतली हानि. मग एक टोक बल्बाच्या अर्थिंगवर व दुसरें बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवलें तर १.८ दिसले, ही परतीच्या वाटेंतली. दोहोंची बेरीज बरोबर २.४ येते. चोर कोणत्या वाटेवर बसला आहे हें आतां सांगावें लागत नाहीं. स्क्रूखालचा गंज घासून तो १.८ चा आंकडा ०.१ वर आला, कीं बल्बाला १३ व्होल्टहून अधिक मिळूं लागतात, आणि एका पैचाही नवा भाग न घालतां पूर्ण प्रकाशाच्या चार-पंचमांशांहून अधिक प्रकाश परत येतो.

हें मोजमाप नेहमीं दिवा लावूनच करावें. दिवा बंद ठेवून मिळणारे आंकडे बंद तोटीच्या दाबासारखे फसवे असतात. सर्वसाधारणपणें जाण्याच्या वाटेंत अर्ध्या व्होल्टहून अधिक आणि परतीच्या वाटेंत पाव व्होल्टहून अधिक हानि होत असेल, तर त्या वाटेकडे लक्ष द्यावें. वाट लांब असेल तर तिचे भाग पाडून प्रत्येक जोडाच्या अलीकडे व पलीकडे मोजीत जावें. दोषाची जागा आपोआप सांपडते. दोन अपवाद मात्र ध्यानांत ठेवावे. १९५०-६० च्या काळांतील पुष्कळ इंग्लिश मोटारींत बॅटरीचें धन टोक सांगाड्याला जोडलेलें असे. तेथें धन-ऋणाचा विचार उलट करावा. तसेंच कांहीं जपानी बनावटीच्या गाड्यांत स्विच परतीच्या वाटेवर बसविलेला असतो; तेथें दिवा बंद असतांही बल्बापर्यंत व्होल्ट पोंचलेले दिसतात. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेंतील तारांची आकृति समोर ठेवली म्हणजे असा घोटाळा होत नाहीं.

जाण्याच्या वाटेंत हानि अधिक आढळली तर संशयाची जागा बहुधा स्विच किंवा अपर-डिपरची कळ ही असते. अनेक जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या लहानशा कळीच्या नाजूक पत्र्यांतूनच जातो. त्या पत्र्या वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनीं काळ्या पडतात. कांहीं गाड्यांत डिपर म्हणून पायाखालीं दाबावयाचें बटण असतें. तेथें चपलांचा चिखल आणि पावसाचें पाणी पोंचतें. कांहीं वेळ दिवे लावून ठेवल्यावर कळ हाताला गरम लागत असेल, तर तेथें वीज उष्णतेच्या रूपानें वायां जात आहे ह्याला दुसरा पुरावा नको.

ह्यावर उत्तम तोडगा म्हणजे रिले. रिले हें विजेच्या चुंबकानें चालणारें एक लहान दार आहे. कळींतून फक्त तें दार उघडण्यापुरता क्षीण प्रवाह जातो. दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीकडून जाड तारेनें परस्पर दिव्यांकडे जातो. अपरसाठीं एक आणि डिपरसाठीं एक असे दोन रिले, प्रत्येकाच्या वाटेवर बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज, आणि अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तार, एवढी ही योजना. ज्याला तारा जोडण्याचा सराव नाहीं त्यानें हें काम वाहनांच्या विजेचें काम करणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावें. परंतु काय करावयाचें आहे हें ठाऊक असलें म्हणजे कारागिराशीं बोलणें सोपें जातें.

दोन्ही दिवे एंजिनच्या वेगाबरोबर कमी-जास्त होत असतील, तर दोष दिव्यांच्या वाटेंत नसून बॅटरी भरणाऱ्या यंत्रणेंत आहे. विश्रांत, भरलेल्या बॅटरीवर सुमारें १२.६ व्होल्ट दिसावे; एंजिन चालू असतां ते १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यावे. एंजिन चालू करूनही आंकडा वाढत नसेल तर आल्टरनेटर किंवा जुना डायनामो आणि त्याचा पट्टा तपासून घ्यावा. पट्टा नुसता सैल झाल्यानेंही हें घडतें. उलट तो आंकडा १५ च्या पुढें जात असेल तर दाबाचें नियंत्रण सुटलें आहे. अशा गाडींत दिवे काहीं दिवस फार सुंदर दिसतात आणि मग बल्ब वारंवार जळूं लागतात.

बल्बाला पूर्ण व्होल्ट मिळत असूनही रस्ता उजळत नसेल, तर प्रकाश दिव्याच्या आंतच अडतो आहे. बल्बामागचा वाटीसारखा परावर्तक पावसाचें पाणी शिरून काळवंडतो. त्याचा चकाकता थर अत्यंत पातळ असतो. फडक्यानें जोरानें घासल्यास किंवा पितळ-तांब्याचें पॉलिश लावल्यास तो कायमचा जातो. म्हणून काळवंडलेला परावर्तक घासूं नये, बदलावा. आणि कडेचें रबर फाटलें असेल तर तेंही बदलावें, नाहींतर नवाही पुढच्या पावसाळ्यांत तसाच होईल. जुन्या गाड्यांची पुढची कांच खऱ्या कांचेची असते. ती धुतली कीं स्वच्छ होते. नंतरच्या गाड्यांत तेथें पारदर्शक प्लॅस्टिक आलें आणि तें उन्हानें पिवळें पडतें. तें अगदीं बारीक काचकागदानें पाणी लावून घासतां येतें. परंतु त्यावर उन्हापासून संरक्षण करणारा लेप पुन्हां दिला नाहीं तर कांहीं महिन्यांतच पूर्वस्थिति येते.

मंद दिव्याला कंटाळून कित्येक जण ९०/१०० वॅटचे बल्ब बसवितात. रोगाचें निदान न करतां औषधाचा डोस वाढविण्यासारखेंच हें आहे. असा प्रत्येक बल्ब आठ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. वाट अरुंद तशीच राहते, तींत अधिक व्होल्ट हरवतात, आणि होल्डर व कळ वितळूं लागतात. हॅलोजन बल्बासाठीं घडविलेल्या परावर्तकांत एलईडीचा बल्ब घालणें हाही सुरक्षित उपाय नव्हे. परावर्तकाचा आकार बल्बांतील तार नेमकी कोठें आहे हें गृहीत धरून ठरविलेला असतो. प्रकाशाचें उगमस्थान बदललें कीं झोत विस्कटतो. गाडीजवळचा रस्ता पांढरा शुभ्र दिसतो, पण दूरचा अंधारांत राहतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपून जातात.

शेवटचें काम झोताची दिशा पाहण्याचें. चाकांतील हवा बरोबर करून, चालकाच्या जागीं कोणाला तरी बसवून, सपाट जमिनीवर गाडी भिंतीजवळ आणावी आणि प्रत्येक दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूनें खूण करावी. मग गाडी सरळ मागें दहा मीटर न्यावी. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या खुणेच्या सुमारें दहा सेंटिमीटर खालीं पडावी, आणि डाव्या बाजूस ती किंचित् वर चढावी. पुस्तिकेंत निराळा आंकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. भारतांत वाहनें रस्त्याच्या डावीकडून चालतात. म्हणून डावी कड अधिक उजळावी आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जाऊं नये, अशीच ही योजना असते. उजवीकडून वाहनें चालविणाऱ्या देशांसाठीं तयार केलेला दिवा स्वस्त मिळाला तरी येथें तो उलटें काम करतो. दिव्याभोंवतालच्या स्क्रूनें दिशा बदलतां येते. स्क्रू फिरविण्यापूर्वीं मूळ जागेची खूण मात्र करून ठेवावी.

घरीं काय करावें ह्याइतकेंच कोठें थांबावें हेंही कळलें पाहिजे. तारांचें आवरण ठिकठिकाणीं कडक होऊन तडकलें असेल, जळाल्याचा वास येत असेल, किंवा नवा फ्यूज पुन्हांपुन्हां जळत असेल, तर त्या गाडीचें वायरिंगच थकलें आहे. तें जाणत्या कारागिराच्या हातून नवें करून घ्यावें आणि तोंपर्यंत गाडी रात्रीं बाहेर काढूं नये. इतर सर्व बाबतींत मात्र एका सुट्टीच्या दिवसाची दुपार, थोडा काचकागद आणि एक मल्टिमीटर एवढ्या भांडवलावर बहुतेक दोषांचा छडा लागतो. दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बॅटरीपासून निघून बॅटरीपर्यंत परत येणारी ती एक अखंड साखळी आहे, आणि तिची सर्वांत कच्ची कडी जेवढा प्रवाह जाऊं देईल तेवढाच प्रकाश रस्त्यावर पडतो. ती कडी शोधून काढणाऱ्या गृहस्थाचे पैसे तर वांचतातच. परंतु रात्रीं कडेकडेनें घरीं परतणाऱ्या अनोळखी पादचाऱ्याला त्या दुपारच्या खटपटीचा जो लाभ होतो, तो पैशांनीं मोजण्यासारखा नाहीं.